एका सिलिंडरवर सहा काचपेट्या

पाण्याखालच्या झाडांना वायूचे खत द्यायचे कसे, आणि ते देताना मासे व माणसे सांभाळायची कशी

वाचकहो, तुम्ही पिकाला पाणी देता, शेणखत देता, युरियाची मात्रा देता. पण पिकाला हवा विकत आणून देता का, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. हवा फुकटची, ती कोण विकत आणील? तरी थोडे थांबा. ज्वारीचा वाळलेला कडबा घेतला तर त्याच्या वजनात शंभरातले चाळीस-पंचेचाळीस भाग निव्वळ कर्ब असतो. तो ना खताच्या पोत्यातून आला, ना विहिरीच्या पाण्यातून. तो आला हवेतल्या कर्बवायूतून, म्हणजे शाळेतली मुले ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्यातून. हवेच्या दहा हजार भागांत हा वायू आज जेमतेम चार भागांहून थोडा जास्त आहे. तेवढ्यावर आपली ज्वारी, ऊस, आंबा सगळे पोसते, कारण वारा वाहता असतो आणि पानाजवळचा वायू संपला की दुसरा येतो.

पाण्याखालच्या झाडाची गोष्ट निराळी. उघड्या भांड्यात ठेवलेल्या एक लिटर पाण्यात हा वायू साधारण अर्धा-पाऊण मिलिग्रॅम मुरतो, आणि पाण्यात तो हवेच्या मानाने दहा हजार पट हळू सरकतो. पानाशेजारचा घास संपला की पुढचा घास यायला वेळ लागतो. ओढ्यात, नदीत हे भागते. तळच्या गाळात पालापाचोळा कुजतो, झरे वायू घेऊन येतात, पाणी हलते. काचेच्या पेटीत यातले काहीच नसते. वर झगझगीत दिवा, खाली धुतलेली वाळू, आणि मध्ये उपाशी झाड. महिन्याभरात पाने पिवळी, देठ लांबुळके, वर शेवाळाची चादर. मग दुकानदार आणखी खत घालायला सांगतो आणि शेवाळ आणखी माजते. रानात पाण्यावाचून अडलेल्या पिकाला युरिया टाकावा, त्यातलाच हा प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, हा शहरी शौक आम्हाला कशाला सांगता? सांगायला कारण आहे. शोभेचे मासे वाढवणे हा आता नुसता शौक राहिलेला नाही. चेन्नईजवळच्या कोळत्तूरला कुटुंबेच्या कुटुंबे त्यावर जगतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांच्या परसातल्या युनिटांनाही जागा दिली गेली. आपल्याकडेही शहरांच्या आसपासच्या गावांत पडवीत, जुन्या गोठ्यात काचपेट्या मांडून बसलेली तरुण मंडळी दिसतात. मासे झाले की मागोमाग पाणवनस्पतींची मागणी येते. आणि एकीच्या सहा पेट्या झाल्या की प्रश्न येतो: प्रत्येक पेटीला वेगळा सिलिंडर घ्यायचा, की एकावरच सगळ्यांचे भागवायचे? भागते, उत्तम भागते. मात्र जोडणी समजून केली नाही तर एका रात्रीत सहाही पेट्यांतले मासे पालथे पडतात, आणि खोली बंद असेल तर माणसालाही धोका आहे. म्हणून हा लेख.

हे ज्ञान कुठून आले

ही विद्या नवी नाही. इंग्लंडमध्ये लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक राहत होता. त्याच्या शेजारी बिअर गाळण्याचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या वायूत त्याने पाण्याचे भांडे धरले, पाणी वायू पिऊन चवदार झाले, आणि १७७२ साली त्याने ती कृती छापली. आपल्या बाजारातली सोड्याची बाटली तिथून निघाली. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात हे दाखवले. १७८२ मध्ये जिनिव्हाच्या झां सेनेबिएने सांगितले की हे बुडबुडे यायचे तर पाण्यात कर्बवायू मुरलेला हवा. म्हणजे काचपेटीचे सगळे शास्त्र अडीचशे वर्षांपूर्वीच सांगून झाले होते. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी तर आपल्या तळ्यातली हायड्रिला घेऊन तिच्या बुडबुड्यांची नोंद आपोआप करणारे यंत्र बनवले आणि १९२४ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

या विद्येला बाग म्हणून लोकप्रिय केले ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी. हा माणूस आधी सायकलशर्यतीत उतरणारा, मग छायाचित्रकार. १९५४ ते २०१५ हा त्यांचा काळ. पोर्तुगालात लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी शेवटी चाळीस मीटर लांबीची पाण्याखालची बाग लावली. आपल्याला तेवढ्या लांब जायचे नाही. आपल्याला सहा पेट्यांचा मेळ घालायचा आहे.

ठिबकवाल्याला हे लगेच समजेल

ज्याने शेतात ठिबक बसवले आहे त्याला ही जोडणी नव्याने शिकवावी लागत नाही. पंपाच्या जागी सिलिंडर, हेडवरच्या प्रेशर वालच्या जागी रेग्युलेटर, सबमेनच्या जागी पितळी फाटे असलेली पट्टी (दुकानात हिला मॅनिफोल्ड म्हणतात), आणि ड्रिपरच्या जागी प्रत्येक फाट्यावर एक बारीक सुईची तोटी, म्हणजे निडल व्हॉल्व्ह. तोटीपुढे थेंब मोजायच्या ऐवजी बुडबुडे मोजायची छोटी काचकुपी, तिच्यापुढे परतीचा वाल, मग नळी, आणि नळीच्या टोकाला पेटीच्या तळाशी मातीची भाजलेली चकती. तिच्यातून वायू धुक्यासारखा बारीक होऊन पाण्यात मुरतो.

आता खरी मेख ऐका. साध्या पाटाने पाणी दिले की सखल वाफा भरतो आणि टेलचा शेतकरी बोंब मारतो. वायूही तसाच वाट शोधतो. ज्या पेटीत पाणी उथळ, तिथे त्याला बाहेर पडायला कमी जोर लागतो. एक पेटी तीस सेंटिमीटर खोल आणि दुसरी पंचेचाळीस असेल, तर फरक फक्त पंधरा सेंटिमीटर पाण्याचा. पण मागचा दाबच जेमतेम असेल तर तेवढ्या फरकाने सगळा वायू उथळ पेटीत जातो, खोल पेटी कोरडी. उलट मागे दोन किलो दाब ठेवला तर? तुमच्या ठिबकच्या घड्याळावर एक किलो म्हणजे दहा मीटर उंचीचे पाणी. वीस मीटरपुढे पंधरा सेंटिमीटर काय मोजायचे! सगळा अडथळा सुईच्या तोटीत होतो, पेटीच्या खोलीने काही बिघडत नाही. मागे दाब भरपूर आणि पुढे तोटी बारीक, एवढे ज्याला कळले त्याला सहा काय, बारा पेट्या जड नाहीत. दीड ते दोन किलो दाबावर हे काम बरे चालते. चकतीतून वायू ढकलायलाही तेवढा जोर लागतोच.

याचा दुसरा फायदा असा की रेग्युलेटर पट्टीतला दाब कायम राखतो. एक पेटी धुवायला काढली आणि तिची तोटी बंद केली, तरी बाकी पाचांचा हप्ता होता तेवढाच राहतो. काही जण पैसे वाचवायला पट्टीऐवजी प्लास्टिकचे टी जोडतात आणि सगळ्यांना मिळून एकच तोटी ठेवतात. ते करू नये. मग सगळा कारभार पुन्हा पाटपाण्याचा होतो: एक चकती शेवाळाने तुंबली की तिचा वाटा शेजारच्या पेटीत जातो, आणि ती पेटी लहान असली तर तिथले मासे मरतात.

परतीच्या वालवर कंजुषी नको. विहिरीवरच्या पाइपलाइनला एनआरव्ही कशाला असतो हे तुम्हाला माहीत आहे. रात्री वायू बंद झाला की नळीतला दाब उतरतो आणि पेटीतले पाणी उलटे चढते. ते पट्टीत, तिथून रेग्युलेटरमध्ये गेले की हजारोंचा माल गंजला. प्रत्येक फाट्याला स्वतंत्र वाल हवा. सहाजणांत एक ठेवला तर एका पेटीचे पाणी, आणि पाण्याबरोबर रोग, दुसऱ्या पेटीत जाईल. नळी मात्र दवाखान्यात मिळते तसली मऊ सिलिकॉनची घेऊ नये. तिच्या अंगातूनच हा वायू पाझरतो. कडक पॉलियुरेथेनची नळी घ्यावी. जोड झाल्यावर साबणाचे पाणी लावून प्रत्येक सांधा तपासावा, घरच्या गॅसची नळी तपासतो तसा. एका सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी चार महिन्यांचा सिलिंडर चार आठवड्यांत रिता होतो आणि दोष बिचाऱ्या भरणाऱ्याला लागतो.

सगळ्या पेट्यांचे पाणी एका खालच्या टाकीत उतरवून, तिथे एकदाच वायू मिसळून पंपाने परत वर चढवायचे, अशीही एक पद्धत आहे. तोटी एक, हिशेब एक, आणि सगळ्या पेट्यांना वायू सारखा. ऐकायला छान वाटते. पण पडत्या पाण्यातून मुरलेला वायू बराचसा उडून जातो, आणि एका पेटीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला की सहाही पेट्यांत पसरतो. माशांचा धंदा करणाऱ्याने, माझ्या मते, त्या वाटेला जाऊ नये. नुसत्या वनस्पती ठेवणाऱ्याने खुशाल जावे.

गूळ-यीस्टची बाटली चालेल का?

पुष्कळ जण सुरुवात बाटलीने करतात. साखरेचे किंवा गुळाचे पाणी, त्यात बेकरीतले यीस्ट, घट्ट बूच, आणि बुचातून नळी. एक किलो साखर पुरती आंबली तर सुमारे अर्धा किलो वायू देते. एका पेटीला, शाळेतल्या मुलाच्या प्रयोगाला हे झकास आहे. बाटली आणि पेटी यांच्यामध्ये पाण्याची दुसरी बाटली ठेवावी, म्हणजे फेस पेटीत उतरत नाही. दुसरा मार्ग खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्वाचा: ८४ ग्रॅम सोड्याला ६४ ग्रॅम कोरडे लिंबूसत्त्व लागते आणि ४४ ग्रॅम वायू निघतो.

पण एका यीस्टच्या बाटलीवर सहा पेट्या जोडायच्या म्हटल्या, तर मी नको म्हणेन. सिलिंडर आणि बाटली यांचा स्वभावच वेगळा. सिलिंडरमागे दाब ठरलेला असतो, तोटी बंद केली की वायू आत थांबतो. बाटलीत दाब ठरलेला नसतो, उत्पन्न ठरलेले असते. यीस्ट आपल्या चालीने वायू काढतच राहते. तुम्ही दोन तोट्या बंद केल्या तर तो वायू उरलेल्या चारांत घुसतो, आणि सगळ्या बंद केल्या तर बाटली फुटते. काचेची बाटली तर मुळीच वापरू नका. शिवाय चैत्रात ती उधळते आणि पौषात झोपते. रात्री ती थांबत नाही ते वेगळेच. उरलेले पाणी उकिरड्यावर कुजवायला टाकावे. त्यापासून भलते काही काढायच्या भानगडीत पडू नये, हे सुज्ञास सांगणे न लगे.

सिलिंडर घेताना

सिलिंडरमध्ये वायू पातळ होऊन भरलेला असतो. वीस अंश तपमानाला आतला दाब सत्तावन्न किलोच्या आसपास असतो, म्हणजे ठिबकच्या पन्नास-साठ पट. एकतीस अंशाच्या वर गेले की तो पातळ राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होईल ते तुम्हीच ताडा. म्हणून सिलिंडर सावलीत, गारव्याला, भिंतीला साखळीने बांधून आणि नेहमी उभा ठेवावा. आडवा ठेवला तर पातळ द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. आग विझवायचा जुना सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते आणि उभा ठेवला तरी द्रवच बाहेर येतो.

सिलिंडरच्या मानेवर तपासणीची तारीख ठोकलेली असते ती पाहून घ्यावी. मुदत गेलेला सिलिंडर भरून देणाऱ्याकडून घेऊच नये. याचे नियम २०१६ सालच्या गॅस सिलिंडर नियमांत आहेत आणि ते पाहणाऱ्या केंद्रीय स्फोटक सुरक्षा खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. भरण्याची सोय बहुधा सोडा कारखान्यांना आणि वेल्डिंगवाल्यांना वायू पुरवणाऱ्यांकडे होते.

किती वायू उरला हे घड्याळावर कळत नाही, ही गोष्ट घरच्या बायकांना पटकन समजेल. आत द्रव असेपर्यंत काटा एकाच जागी राहतो. तो खाली यायला लागला म्हणजे द्रव संपला, आता शेवटचे दिवस. म्हणून महिन्यातून एकदा वजन करावे आणि पाटीवर खडूने लिहावे. एक किलो वायू म्हणजे हवेच्या दाबाला सुमारे साडेपाचशे लिटर.

या शेवटच्या दिवसांतच दगा होतो. एका टप्प्याचा स्वस्त रेग्युलेटर असेल तर सिलिंडर रिता होत आला की पुढचा दाब आपोआप वाढतो, तोट्यांतून बुडबुड्यांची धार लागते, आणि सहा पेट्यांत एकदम जास्त वायू जातो. एका पेटीला हे होणे वाईट; सहा पेट्यांचा माल एका सिलिंडरवर असताना हे होणे म्हणजे बुडीत. पैसे वाचवायचेच तर पेटीच्या काचेत वाचवा, दिव्यात वाचवा. रेग्युलेटर दोन टप्प्यांचाच घ्या.

किती द्यावा, कधी द्यावा

लिटरला वीस ते तीस मिलिग्रॅम ही मात्रा झाडांना भरपूर होते. तिच्या वर गेले की माशांच्या रक्तातला वायू पाण्यात उतरायला अडखळतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. पण वायू डोळ्यांनी दिसत नाही, मग मोजायचा कसा? पेटीच्या आत एक छोटी काचेची कुपी चिकटवतात. तिच्यात ठरावीक खारेपणाचे, चार अंश क्षारतेचे तयार पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगाचे थेंब असतात. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे धोका. कुपीत पेटीचे किंवा विहिरीचे पाणी भरू नये, मग रंग खोटे बोलतो. आणि ही कुपी दोन तास मागून बोलते. आत्ता दिसणारा रंग दोन तासांपूर्वीचा असतो. म्हणून एकदा तोटी फिरवली की दोन तास हात मागे. घाईने तीनदा फिरवली तर संध्याकाळी पिवळे दिसेल आणि सकाळी मासे काठीने काढावे लागतील.

मातीचा सामू तुम्ही तपासून घेता. पाण्याचाही सामू वायूने उतरतो, आणि एका अंकाने उतरला तर मुरलेला वायू दहा पट झाला असे धरावे. ज्याच्याकडे सामू मोजायचे यंत्र आहे त्याला कुपीला हा एक साक्षीदार मिळतो.

सुरुवात मध्यम पेटीला सेकंदाला एका बुडबुड्याने करावी. पण एका कुपीतला बुडबुडा आणि दुसऱ्या कुपीतला बुडबुडा सारखा नसतो, तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू करू नये. प्रत्येक पेटीला आपला आकडा सापडला की तो पेटीवरच लिहून ठेवावा. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पोराने घड्याळ घेऊन सहाही कुप्यांचे बुडबुडे मोजायचे, हे काम त्याला नेमून द्या. शहाणी पोरे हे मोठ्यांपेक्षा चोख करतात. सगळ्या पेट्या एकाच मापाच्या असतील तर उत्तम. वीस लिटरची बरणी आणि दोनशे लिटरची पेटी एकाच पट्टीवर असली, तर तोटीची जरा चूक मोठीला कळतही नाही आणि लहानीला मारते.

वायू फक्त उजेडात द्यायचा. रात्री झाडेही माणसांसारखीच श्वास घेतात आणि वायू सोडतात, तेव्हा बाहेरून दिलेला सगळा माशांच्या माथी येतो. दिवा लागण्याच्या तासभर आधी वायू सुरू, दिवा मालवण्याच्या तासभर आधी बंद. हे हाताने रोज होत नाही. त्यासाठी विजेवर उघडणारा सोलेनॉइड वाल आणि वेळेचा स्विच लावतात. सोलेनॉइड असा घ्यावा की वीज असली तरच उघडा राहतो. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वीज गेली की दिवा बंद, वायूही बंद, मासे सुखरूप. दिवा सहा-आठ तासांपेक्षा जास्त जाळू नये. आणि वायू मिळाला की झाडांची भूक सगळ्याच बाजूंनी वाढते. नत्र, पालाश, लोह यांचा बारीक पुरवठा करावा लागतो. कमी पडलेल्या एका घटकावर पीक अडते, हा कायदा पाण्याखालीही तोच.

मासे वर येऊन धापा टाकू लागले तर काय करायचे ते घरातल्या सगळ्यांना पाठ हवे: आधी सिलिंडरचा मुख्य वाल बंद, मग हवेचा पंप सुरू, वीज नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून पेटीत ओतत राहायचे, आणि निम्मे पाणी बदलायचे. वेळेवर केले तर बहुतेक मासे वाचतात.

हा वायू माणसालाही ओळखत नाही

गावाकडच्या माणसाला हा वायू कोण शिकवणार! सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती; २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली. त्या पेवात माल श्वास घेतो, प्राणवायू संपतो आणि हा जड वायू तळाला साचतो. पेव उघडले की जाणती माणसे लगेच आत उतरत नसत. बंद पडलेल्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला एक, त्याला काढायला उतरलेला दुसरा, असे गेलेले जीव आपण दरवर्षी ऐकतो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आफ्रिकेत कॅमेरून देशातल्या न्योस सरोवराच्या तळातून हा वायू उसळला, दरीत उतरला, आणि सुमारे सतराशे माणसे व हजारो गुरे झोपेतच गेली.

आपल्या सिलिंडरचा हिशेब करा. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोलीत अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. पाच किलोचा सिलिंडर तिथे एकदम गळला तर पावणेतीन हजार लिटर वायू सुटतो, म्हणजे शंभरात जवळजवळ दहा भाग. तीन-चार भागांवर डोके ठणकते, धाप लागते. दहा भागांवर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला आधी गाठतो. रंग नाही, वास नाही. तेव्हा पेट्यांच्या खोलीत कोणी झोपू नये, तान्हे मूल तर नाहीच. खोलीला जमिनीलगत झरोका ठेवावा. मोठे सिलिंडर शक्यतो बाहेर, सावलीच्या आडोशाला ठेवून फक्त बारीक नळी आत घ्यावी. तळघर, बळद, बंद कोठी यांत हे सामान मुळीच मांडू नये. कंदील खाली सोडून पाहायची जुनी रीत आहे. ती टाकू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. या वायूने माणूस गुदमरू लागला तरी दिवा जळत असू शकतो.

सगळ्यांनाच वायू लागतो का?

नाही, आणि हे दुकानदार सांगत नाही. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती पाण्यात विरघळलेल्या क्षारांतूनही कर्ब ओढून घेतात. आपल्या विहिरींचे पाणी जड, त्यात हे क्षार भरपूर. तिथे त्या वायूवाचून मजेत वाढतात. पाणशेवाळाच्या मॉस जातींना ते जमत नाही, त्यांना मुरलेला वायूच हवा. लाल पानांच्या रोटाला आणि तळाशी गालिचा धरणाऱ्या नाजूक जातींनाही वायू दिल्यावरच रंग चढतो.

विक्रीसाठी वाढवणाऱ्याने तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डेन्मार्कमध्ये होल्गर विंडेलोव्ह यांनी १९७० साली सुरू केलेली ट्रॉपिका ही जगातली नावाजलेली पाणवनस्पतींची रोपवाटिका आहे. तिथली बहुतेक रोपे पाण्याखाली वाढतच नाहीत. मुळे ओली आणि पाने हवेत, अशी ती दमट घरात वाढतात, कारण हवेतला वायू फुकट आणि मुबलक. पुष्कळ पाणवनस्पती मुळात काठावरच्या असतात. पाऊस चढला की बुडतात, उतरला की उघड्या पडतात. आपली नीरब्राह्मी पाहा ना, बांधाच्या ओलीतही वाढते आणि पेटीच्या पाण्यातही. शेडनेटखाली ट्रे मांडून, वर प्लास्टिक झाकून रोपे वाढवावीत, आणि सिलिंडर त्या पाच-सहा पेट्यांनाच द्यावा जिथे रोपे पाण्याला सरावायची आहेत किंवा गिऱ्हाइकाला दाखवायची आहेत. सगळाच माल पाण्याखाली वायूवर वाढवायला गेलात तर विजेचे नि सिलिंडरचे बिल रोपे खाऊन टाकील.

रोपांची मूळ जोडी नर्सरीतून आणावी. कोकणातल्या सड्यांवर, सह्याद्रीच्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिनसारख्या काही दुर्मिळ जाती आहेत, त्या उपटून आणू नका. आणि परदेशी जातींची छाटणी ओढ्यात, कॅनॉलमध्ये फेकू नका. जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. छाटलेला पाला उन्हात पुरता वाळवून मग खड्ड्यात घालावा.

चार दिवस लग्नकार्याला जायचे असेल तर सिलिंडरचा मुख्य वाल बंद करावा, दिव्याचा वेळ निम्मा करावा, माशांना आदल्या दिवशी नेहमीइतकेच खाऊ घालावे. परत आल्यावर वाल उघडताना आधी रेग्युलेटरचा दट्ट्या सैल करावा, मग मुख्य वाल हळू फिरवावा, दाब दीड-दोन किलोवर आणावा, आणि सहाही कुप्यांतले बुडबुडे पेटीवरच्या आकड्याशी जुळवून पाहावेत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरी थांबावे.